माठातला वाळा आणि अत्तरातला वाळा

उन्हाळा लागला की काष्ठौषधीच्या दुकानातून वाळ्याची जुडी आणायची, धुवून माठात टाकायची, आपल्याकडे बहुतेकांचा वाळ्याशी संबंध एवढाच. पण याच मुळांवर जगातले कितीतरी परफ्युम उभे आहेत आणि मला मनापासून वाटतं की चंदनाचं जेवढं कौतुक होतं तेवढं वाळ्याचंही व्हायला हवं.

वाळा म्हणजे गवतच, पण वास पात्यांना नाही, सगळा मुळांत. मुळं आडवी पसरत नाहीत, सरळ खाली जातात, तीन-चार मीटरपर्यंत सुद्धा, म्हणून तर बांधावर माती धरून ठेवायला वाळा लावतात. तेल काढायचं तर मात्र वर्ष-दीड वर्षाचं गवत खणून मुळं बाहेर काढावी लागतात, ती धुवायची, वाळवायची, आणि एवढं करून १०० किलो मुळांमागे तेल निघतं किलोभर, कधी त्याहूनही कमी.

उत्तर प्रदेशात कन्नौजला अजूनही हे तेल तांब्याच्या देगेत, म्हणजे मोठ्या हंड्यात, काढतात. देगेत मुळं आणि पाणी, झाकण मातीने लिंपलेलं, खाली जाळ, आणि वाफ बांबूच्या नळीतून पाण्यात ठेवलेल्या भपक्यात, म्हणजे लांब मानेच्या भांड्यात, जाऊन थंड होते. मुळं चिवट, तेल लवकर सुटत नाही, त्यामुळे जाळ तासन् तास सांभाळावा लागतो. यातून येतं ते रूह खस (खस म्हणजे हिंदीत वाळा), तांब्यामुळे हिरवट झालेलं, आणि वास अगदी ओल्या मातीचा, थोडा कडवट, थोडा लाकडाचा. बाटलीतल्या हिरव्यागार गोड सरबतावरून वाळ्याचा वास ठरवू नका प्लीज, त्यात बऱ्याचदा रंग आणि इसेन्सच असतो.

परफ्युमवाल्यांना वाळा का लागतो, तर त्याच्या तेलातले रेणू जड असतात, हळूहळू उडतात. लिंबू-संत्र्याचा वास थोड्या वेळात जातो, वाळा दिवसभर अंगावर राहतो आणि बाकीच्या वासांनाही धरून ठेवतो. फ्रान्सच्या कार्व्हेन या फॅशन कंपनीने १९५७ साली थेट 'व्हेटिव्हर' नावाचा परफ्युम काढला, आणि व्हेटिव्हर म्हणजे आपला वाळाच, शब्द तमिळमधून गेलेला. आज बरंचसं तेल कॅरिबियनमधल्या हैती देशातून येतं, तिथले छोटे शेतकरी हे पीक घेतात. हैतीचं तेल स्वच्छ, हलकं वाटतं, इंडोनेशियातल्या जावा बेटाचं धुरकट, पण मातीचा खरा वास हवा असेल तर माझं मत कन्नौजलाच.

घ्यायचंच असेल तर अगदी छोटी कुपी घ्या, मनगटावर एक थेंब लावा आणि लगेच मत बनवू नका, पहिली पाच मिनिटं ते उग्र वाटतं, मजा तासाभराने सुरू होते.