सैल झालेला मास्क

काकांना जिभेच्या मुळाचा कॅन्सर, मानेत डावीकडे मोठी गाठ. रेडिएशनचा डोस ३५ फ्रॅक्शनमध्ये, म्हणजे हप्त्यांत, ७० ग्रे (ग्रे हे डोसचं एकक), जोडीला दर आठवड्याला सिस्प्लॅटिन हे केमोचं औषध. १७ शेक झाले होते. अठराव्या दिवशी डोकं-मान हलू न देणारा जाळीचा मास्क लावल्यावर काका म्हणाले, "आता जाळी आवळत नाही, बरं वाटतंय." टेक्नॉलॉजिस्टने हनुवटीखाली बोट घातलं, ते सहज आत गेलं. तिने बीम सुरू न करता डोसची आखणी सांभाळणाऱ्या मला बोलावलं. त्या दिवसातलं सगळ्यात मोलाचं काम तेच.

शेक देण्याआधी मशीनवरच काढलेल्या कोनबीम सीटीत हाडं प्लॅनच्या सीटीशी चोख जुळत होती, पण मानेपाशी मास्क आणि कातडीत ९ मिमीची फट होती. वजन सहा किलोंनी उतरलेलं, गाठ विरघळत आलेली. नुसत्या हाडांवर जुळवणी केली असती तर सगळं ठीकच दिसलं असतं.

उपचार थांबवले. ७० अंशांच्या पाण्यात जाळी मऊ करून नवा मास्क बनवला, ३ मिमीच्या छेदांचं सीटी घेतलं आणि त्यावर जुनाच प्लॅन मोजून पाहिला. तो शेवटपर्यंत दिला असता तर मज्जारज्जूचा कमाल डोस ४१ वरून ४६.५ ग्रेवर गेला असता. आमची मर्यादा ४५. उजवी पॅरोटिड ही लाळेची ग्रंथी आत सरकल्याने तिचा सरासरी डोस २५ वरून ३१. म्हणजे कायमच्या कोरड्या तोंडाचा धोका.

सॉफ्टवेअरने गाठीच्या आणि अवयवांच्या जुन्या रेषा नव्या सीटीवर आणल्या, तिथे खरी गडबड झाली. मान बारीक झाल्याने पीटीव्हीचा (गाठ आणि भोवतीची राखीव कड मिळून पूर्ण डोस द्यायचा भाग) काठ कातडीबाहेर, हवेत गेला होता. ६ एमव्ही क्ष-किरणांचा डोस कमाल पातळीला पोचतो तो सुमारे १५ मिमी खोलीवर. हवेत डोस साठतच नाही. ऑप्टिमायझरला, म्हणजे बीमची मांडणी ठरवणाऱ्या प्रोग्रॅमला, तो भाग कायम उपाशी दिसतो, म्हणून तो तिथे बीमचा मारा वाढवत राहतो. पहिल्याच प्लॅनमध्ये मानेच्या कातडीखाली ठरलेल्या डोसच्या ११२ टक्के! पीटीव्ही कातडीपासून ४ मिमी आत कापला, तेव्हा आकडा १०६ वर उतरला. गाठ आटली तरी तिच्या मूळ जागेतला सूक्ष्म आजाराचा भाग मात्र डॉक्टरांनी रेषेत तसाच ठेवला, आणि ते बरोबरच होतं.

झालेल्या १७ आणि उरलेल्या १८ फ्रॅक्शनची बेरीज केली: मज्जारज्जू ४२.८ ग्रे. रात्री मशीनवर प्लॅन तपासला, ३ टक्के/२ मिमी निकषावर गामा ९८.१ टक्के, म्हणजे इतक्या बिंदूंवर मोजलेला डोस गणिताशी जुळला.

दुसऱ्या दिवशी नव्या प्लॅनवर शेक सुरू झाला. खंड पडला की गाठीच्या पेशी पुन्हा वाढू लागतात, म्हणून बुडालेला शेक शनिवारी दिला.