आमची वाटचाल : बारा पानं, बारा माणसं

वडिलांनी गोव्यात, माशेलात छापखाना टाकला तेव्हा पायाने चालवायचं एक ट्रेडल मशीन, अक्षरांच्या खिळ्यांचे खण आणि ते खिळे जुळवणारा एक जुळारी एवढाच संसार होता. काम मुख्यतः नाटकांचं. उत्सवाला गावोगावी मराठी नाटक ठरलेलं, आणि नाटक म्हटलं की हस्तपत्रकं आली. कोणाचं नाव आधी, कोणाचं जाड ठशात, यावरून आमच्या पायरीवर जेवढी भांडणं झाली तेवढी रंगमंचावरही झाली नसतील. पुढे ऑफसेट आलं, फ्लेक्स आला, हस्तपत्रकं मोबाइलवर गेली. त्याचं रडगाणं नको. सगळ्याच छापखान्यांचं तेच झालं.

देवांची आणि पुढाऱ्यांची कॅलेंडरं फुकट मिळतात, मग आपण गावातली माणसं छापू, असं घरातच निघालं. अट एकच: आधीच मोठं झालेलं कोणी नको. आमच्या फोंडा तालुक्यात ही अट जड जाते. केरीत 1892 साली गायिका केसरबाई केरकर जन्मल्या, 1977 मध्ये त्यांचा आवाज व्हॉयेजर यानाबरोबर अंतराळात गेला. मंगेशीत 1900 साली गायक-नट दीनानाथ मंगेशकर जन्मले. त्यांना आमच्या पानांची काय गरज? आम्हाला हवी होती चवथीला कवंडळं, आंबाडे, सुपारीचे घोस यांची माटोळी गणपतीच्या डोक्यावर बांधणारी, माशेलच्या देवकीकृष्ण देवळापुढे चिखलात रंगणाऱ्या चिखलकाल्यात पोरांना खेळ शिकवणारी माणसं.

घुमट, म्हणजे आमचं मडक्याचं तालवाद्य, मढवणाऱ्या काकांकडे गेलो तर ते म्हणाले, "माझा फोटो कशाला? वाजवणाऱ्याचा काढ." बोलता बोलता हात चालूच. मडक्याच्या रुंद तोंडावर ओलं कातडं ताणून दोरीने आवळलं, अरुंद तोंड उघडंच ठेवलं. पूर्वी घोरपडीचं कातडं असे. वन्यजीव कायद्याने ते बंद झालं, आता बकऱ्याचं. 2019 साली सरकारने घुमटाला राज्याचं वारसा वाद्य जाहीर केलं, पण काकांच्या पडवीत ते वाळायला अजून कपड्यांच्या दोरीशेजारीच असतं.

पहिल्याच वर्षी आम्ही माती खाल्ली. पखवाजवाले आणि पेटीवाले यांची नावं अदलाबदल झाली, आणि गठ्ठे बांधून झाल्यावर कळलं. रात्रभर आई, मी आणि बायको चिठ्ठ्या चिकटवत बसलो. सकाळी पेटीवाले आले, काही न बोलता डिंकाची बाटली ओढून घेतली आणि दुपारपर्यंत उठले नाहीत. कॅलेंडर नफ्यात नाही. खालच्या पट्टीतल्या जाहिरातींतून कागद निघतो, बस्स.

इतकी वर्षं एक माणूस मात्र राहून गेला होता: आमचा जुळारी. उलटी अक्षरं सुलटी असल्यासारखी वाचणारा. यंदा डिसेंबरचं पान त्याचं. प्रूफ दाखवायला घरी गेलो. फोटोकडे त्याने बघितलंही नाही. चष्मा पुसला, मजकुरावरून बोट फिरवलं आणि तिसऱ्या ओळीवर थांबून म्हणाला, "बाबा, वेलांटी चुकली."