आजीच्या ओव्या आणि ती लाल ओळ

मोबाइलच्या व्हिडिओतून नुसता आवाज काढायचा, एवढंच काम होतं. त्यात माझ्या दोन संध्याकाळी गेल्या, त्याही एकाच ओळीपायी. दुसऱ्या कुणाच्या जाऊ नयेत म्हणून लिहितोय.

२००९ साली परळच्या आमच्या चाळीत आजी तांदूळ निवडताना ओव्या म्हणायची, तेव्हा साध्या फोनवर मी अकरा व्हिडिओ घेतले होते. चित्र १७६ बाय १४४ पिक्सेलचं, अंधारं; तिचे हात तेवढे ओळखू येतात. आता मोल आहे ते आवाजाचं. फाइली थ्रीजीपी, म्हणजे जुन्या मोबाइलचा व्हिडिओ प्रकार, आत एएमआर हा फोनवरच्या बोलण्यासाठीचा आवाज, आणि घरातल्या टीव्हीवर, म्युझिक सिस्टिमवर तो वाजत नाही. मला तो ऑग या आवाजाच्या फाइल-प्रकारात हवा होता. हा फॉरमॅट खुला आहे, कुणा एकाच्या मालकीचा नाही. माझ्या मुलीलाही पुढे तो उघडता यावा.

आधी ग्रँट रोडजवळच्या एका दुकानात मेमरी कार्ड दिलं होतं. त्यांनी ३२० केबीपीएसच्या (म्हणजे सेकंदाला ३२० किलोबिट; हाच बिटरेट) एमपीथ्री काढून दिल्या आणि ‘एचडी केलंय’ म्हणून पैसे घेतले. मूळ आवाज १२.२ केबीपीएसचा. फाइल सव्वीसपट फुगली, आवाज तोच. त्याचा राग अजून गेलेला नाही.

मग घरीच संगणकावर एफएफएमपेग घातलं, फाइली एका प्रकारातून दुसऱ्यात नेणारा मोफत प्रोग्राम. एका ठिकाणची तयार कमांड घेतली: चित्र वगळायला डॅश व्हीएन, आवाजाला वॉर्बिस (ऑगमध्ये आवाज दाबून भरायची पद्धत), बिटरेट १२८. नव्या फोनचा एमपीफोर व्हिडिओ दोन सेकंदांत झाला. आजीची पहिलीच फाइल अडली. लाल ओळ आली: एन्कोडर (आवाज नव्या रूपात भरणारा भाग) उघडता आला नाही, बिटरेट, रेट, रुंदी किंवा उंची चुकीची असू शकते.

रुंदी, उंची! मी तेच धरून बसलो. १७६ बाय १४४ इतकं लहान चित्र, त्यातच काहीतरी असणार. चित्र मोठं करून पाहिलं, दुसऱ्या फोनवरून फाइल परत उतरवली, कार्डच खराब झालंय या भीतीने सगळ्याची आणखी एक प्रत काढली. पहिली संध्याकाळ अशी गेली. दुसऱ्या दिवशी लोकलमध्ये उभ्या उभ्या डोक्यात आलं, की डॅश व्हीएन दिल्यावर चित्राचा संबंधच उरत नाही. ती ओळ ठरलेली आहे, आवाज असो की चित्र, तीच येते.

घरी येऊन एफएफप्रोबने, म्हणजे एफएफएमपेगसोबतच येणाऱ्या, फाइलच्या आत काय आहे ते सांगणाऱ्या प्रोग्रामने, फाइल तपासली. एएमआर, एकच चॅनल, सेकंदाला आवाजाचे ८००० नमुने (मोजमापं). वॉर्बिसला एवढ्या कमी नमुन्यांवर १२८ चा बिटरेट पेलत नाही. तरी ६४ करून पाहिलं, तेही नाही. बिटरेट काढून टाकला, त्याऐवजी क्वालिटीचा आकडा दिला, आणि फाइल झाली. तो आनंद मी शेजारच्या खोलीत जाऊन सांगितला.

एफएफप्रोब सगळ्यात आधी चालवा, हे मी खरं तर वर लिहायला हवं होतं.

नंतर मी ओपसवर गेलो. २०१२ मध्ये प्रमाणित झालेला हा खुला कोडेक, म्हणजे वॉर्बिससारखीच आवाज दाबायची पद्धत, ऑगमध्येच बसतो, बोलण्याच्या आवाजासाठीही घडवलेला आहे आणि ८००० नमुने थेट घेतो. २४ केबीपीएसवर अकराही फाइली झाल्या, कुठे अडल्या नाहीत. आत्याच्या जुन्या अँड्रॉइडवर डॉट ओपस शेपटीची फाइल उघडेना. नाव बदलून डॉट ऑग केलं, वाजली. मूळ थ्रीजीपी मात्र पुसू नका. अशा प्रत्येक रूपांतरात आवाजाचा थोडा तपशील जातोच.

आत्याने सातव्या फाइलमधली अर्धवट राहिलेली ओवी ऐकता ऐकता पुरी केली. ऑगच्या टॅगमध्ये देवनागरी चालतं, तो चरण मी तिथे लिहून ठेवलाय.