उजनीचे टक्के सगळे सांगतात, काळ्या रानातल्या पाण्याचं काय?

उजनी किती टक्के झालं हे सोलापुरात शाळेतलं पोरगं पण सांगतं. पुण्याकडं पाऊस पडला की इकडं व्हॉट्सॲपवर दौंडच्या विसर्गाचे आकडे फिरायला लागतात, आणि 2024 च्या उन्हाळ्यात धरण मायनस पन्नास टक्क्यांच्याही खाली गेलं (म्हणजे वापरायचं पाणी संपून तळातला मृतसाठा उपसायला लागला) तेव्हा तर काही ग्रुपवर दुसरा विषयच नव्हता. साहजिकय म्हणा, नळाला चार-पाच दिवसाआड पाणी येणाऱ्या गावात माणसं दुसरं काय बोलणार. 117 टीएमसीचं धरण, त्यातलं 63 च्या वर मृतसाठा, हे सगळं तोंडपाठ. पण सोलापूरच्या भोवती अजून एक साठा आहे, त्याचा टक्का कुठल्याच बातमीत येत नाही आणि तो आपण दरवर्षी मुरूम टाकून बुजवत चाललोय.

काळी जमीन. भारी, खोल, एप्रिलमध्ये हात कोपरापर्यंत जाईल अशा भेगा पडणारी. मीटरभर खोल काळं रान चांगलं भिजलं की पिकाला घेता येईल असं दीडशे ते दोनशे मिलीमीटर पाणी धरून ठेवतं. एकराचा हिशोब करून बघा, सहा ते आठ लाख लिटर होतात. म्हणजे दहा हजार लिटरचे साठ ते ऐंशी टँकर, एका एकरात, ना पंप ना पाईप ना लाईटबिल. आपल्याकडं वर्षाचा पाऊस साडेपाचशे मिलीमीटरच्या आसपास, आणि त्यातला भरवशाचा म्हणजे उत्तरा-हस्ताचा. तो रानात मुरवायचा, वाफसा आला, म्हणजे रान पेरण्याइतपत सुकलं, की पेरायचं, मग पुढं आभाळानं तोंड फिरवलं तरी जोंधळा त्या ओलीवर उभा राहतो. मोहोळला गावरान मालदांडी ज्वारीतून निवडलेली एम 35-1 ही जात 1930 च्या दशकातली, आणि अजूनही लोक तीच पेरतात. सोलापुरात कोरडवाहू शेतीचं संशोधन केंद्र 1933 ला सुरू झालं ते काय उगाच नाही, मंगळवेढ्याच्या ज्वारीला 2016 ला भौगोलिक मानांकन मिळालं ते पण उगाच नाही. केंद्राच्या हमीभावाच्या यादीत ज्वारीच्या दोन ओळी असतात, एक संकरित आणि एक मालदांडी. एवढा मान असलेलं पीक, आणि त्याचं रान आपण गुंठ्यावर विकतो.

1992 ला हद्दवाढ झाली. आसपासची गावं शहरात आली आणि सोलापूर एकदम पावणेदोनशे चौरस किलोमीटरच्या वर गेलं. बाळे, केगाव, सोरेगाव, कुमठे, शेळगी, देगाव... इतकी वर्षं झाली तरी आपण त्याला ‘हद्दवाढ भाग’च म्हणतो, तिथं काही ठिकाणी ड्रेनेजच्या आधी कमान येते. आता त्याच्याही पलीकडं प्लॉटिंग चाललंय. होर्डिंगवर नुसतं ‘विमानतळापासून दहा मिनिटं’ (2025 ला गोव्याचं विमान सुरू झाल्यापासून तर विचारूच नका), खाली नारळाची दोन झाडं, आणि फोटोत जमीन हिरवीगार लॉनची. काळी दिसू नये याची काळजी घेतलेली असते, कारण बांधणाऱ्याला काळी परवडत नाही. ओली झाली की फुगते, वाळली की आकसते, भिंतीला तडे जातात. मग ती उकरून काढायची, खाली मुरूम लागेपर्यंत जायचं, वर अजून चार ट्रक मुरूम आणून टाकायचा. म्हणजे पिकाला सगळ्यात चांगली आणि घराला सगळ्यात वाईट अशी जमीन शोधून आपण तिथं घर बांधतो. जुनी लोकं काळी पेरायला ठेवायची आणि वस्ती पांढरीवर करायची, त्यांच्याकडं सॉइल टेस्टिंगचा रिपोर्ट नव्हता.

आमच्या मामाचं रान अक्कलकोट रोडच्या बाजूला, हद्दीच्या थोडं बाहेर. लोकांना वाटतं शेतकरी पैशाला भुलून रान विकतो. तसंही असतं, नाही असं नाही, पोरीचं लग्न असतं, भावाभावात वाटणी असते. पण मी मामाच्या बाबतीत जे बघतोय ते वेगळंय. त्यानं विकायचं नाही ठरवलं तरी शेजारचं प्लॉटिंग त्याला शेती करू देत नाही. आधी शेजाऱ्यानं विकलं, मग त्याच्या शेजाऱ्यानं. कंपाउंड आलं. रस्ता करताना भराव टाकला, त्यामुळं वरून येणारं पाणी पूर्वी ओढ्याला जायचं ते आता मामाच्या बांधाला तुंबतं आणि त्या कोपऱ्यातला जोंधळा पिवळा पडतो. त्यात वरच्या घरांचं सांडपाणी. पाणंद, म्हणजे रानात जायची वाट, अर्धी भिंतीत गेली, ट्रॅक्टर कसाबसा जातो, मळणीयंत्र जात नाही, मग कणसं डोक्यावरून रस्त्यापर्यंत आणायची. आणि पाखरं! आधी शिवारभर जोंधळा असायचा, पाखरं सगळ्यांचं थोडं थोडं खायची, कुणाच्या लक्षात पण यायचं नाही. आता अख्ख्या भागात तीनच एकर उभं असेल तर सगळा थवा तिथंच उतरतो. मामी गोफण घेऊन उभी राहते, आणि मागच्या सोसायटीतला माणूस गॅलरीतून ओरडतो, दगड काचेला लागेल म्हणून. त्याचंही खरंय.

काढणीला तर माणूसच मिळत नाही. जोंधळा उपटायला लागतो, कंबर मोडते, आणि शहरालगत तेवढ्याच हजेरीत सावलीतलं काम मिळतं. मामा म्हणतो, “तूच सांग की बे, कडब्याचं गिऱ्हाईक नसतं तर मी कवाच सोडलं असतं.” कडबा मात्र जातो, शहरातले गोठेवाले येऊन घेऊन जातात. आपण ज्या दुधाचा चहा पितो त्यातलं काही या कडब्यावर येतं, आणि कडक भाकरी-शेंगा चटणीची पार्सलं पुण्या-मुंबईला पाठवून ज्या बायकांची घरं चालतात त्यांचं पीठ पण कुठल्यातरी अशाच रानातून येतं. पाईपलाईनच्या एका थेंबाशिवाय.

हे बोललं की दोन उत्तरं येतात. एक म्हणजे लोकांनी राहायचं कुठं. बरोबर आहे. मी स्वतः हद्दवाढ भागात एनए (बिगरशेती) प्लॉटवर राहतो, मी कुणाला शिकवणार. विडी वळणाऱ्या बायका, यंत्रमागावरची माणसं, पत्र्याच्या एका खोलीत दोन पिढ्या राहिल्यात. कुंभारीला रे नगरची 30 हजार घरांची योजना झाली, 2024 च्या जानेवारीत त्यातल्या 15 हजारांच्या चाव्या दिल्या, त्या घरांबद्दल मी एक शब्द वाकडा बोलणार नाही. माझा राग आहे तो गुंतवणुकीच्या प्लॉटवर, म्हणजे दगड रोवून, तार ओढून, वेड्या बाभळी वाढवून दहा-दहा वर्षं नुसता पडून असलेला. तिथं ना माणूस राहतो ना जोंधळा.

दुसरं उत्तर म्हणजे, पाणी तर उसानं संपवलं, प्लॉटला कशाला शिव्या देतोस. हे पण अर्ध खरं. राज्यात सगळ्यात जास्त साखर कारखाने आपल्या जिल्ह्यात, आणि ऊस दोन हजार मिलीमीटरच्या वर पाणी मागणार, पाऊस त्याच्या चौथाई. पण ऊस निघाला की त्या रानात उद्या हरभरा पेरता येतो. मुरूम आणि काँक्रीट पडलं की झालं. दगडापासून अशी माती व्हायला हजारो वर्षं लागतात आणि जेसीबीला एक दुपार.

मग घरं माळावर बांधा असं म्हणावं, तर तिकडं माळढोक पक्ष्याचं नान्नज अभयारण्य, काळवीट, लांडगे, धनगरांच्या मेंढ्या. माळ म्हणजे रिकामी जागा नाही हे पण आपण अजून शिकायचंय. मला वाटतं आधी गावाच्या आत बघावं. बंद पडलेल्या गिरण्यांच्या जागा, मोकळे पडलेले जुने लेआउट, हे भरलं तरी बरीच वर्षं बाहेर जायला नको. आणि विकास आराखड्याच्या नकाशात रस्ते-आरक्षणं रंगवताना मातीची खोली पण एका थरात दाखवा, काय अवघडय? काळी कुठं खोल आहे हे कृषी खात्याला माहीतय, गावातल्या म्हाताऱ्याला तर त्याहून जास्त.

मामाच्या घरी सध्या भावाभावांची बैठक व्हायचीय, विकायचं का ठेवायचं. मला पण बोलावलंय, कागद वाचायला. मी जाऊन आधी पाणंदीचा आणि तुंबलेल्या पाण्याचा विषय काढणार, कारण त्याला इलाज आहे. मामलेदार न्यायालय अधिनियम 1906, कलम 5, यात वहिवाटीचा रस्ता अडवला किंवा पाण्याचा नैसर्गिक प्रवाह अडवला तर तहसीलदार तो मोकळा करायला लावू शकतो. बऱ्याच शेतकऱ्यांना वाटतं यासाठी दिवाणी कोर्टातच जायला लागतं आणि नातवाच्या वेळी निकाल लागतो, म्हणून कुणी जातच नाही. फक्त अडथळा झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत अर्ज करायला लागतो. भराव दिवाळीच्या आसपास टाकलाय, म्हणजे चैत्राच्या आत सातबारा, गाव नकाशा, तारखेचे फोटो आणि शेजारच्या दोघांचे जबाब जोडून अर्ज गेला पाहिजे. तुमच्या शिवारात असं चालू असेल तर भराव कधी पडला ती तारीख आजच वहीत लिहून ठेवा.