निळ्या पडद्यावरचे दहा सेकंद

लिनक्सचा पेनड्राइव्ह लावला, लॅपटॉप सुरू केला आणि लाल चौकटीत 'सुरक्षा उल्लंघन' झळकलं. पैसे माझे, यंत्र माझं, उल्लंघनही म्हणे मीच केलेलं!

हे काम सिक्युअर बूटचं: संगणक सुरू होताना ओळखीची डिजिटल सही नसलेलं सॉफ्टवेअर ते अडवतं. ते सरळ बंद करता आलं असतं. तेवढी सोय माझ्या फर्मवेअरमध्ये, म्हणजे यंत्रातच बसवलेल्या मूळ सॉफ्टवेअरमध्ये, होती. सगळ्यांकडे ती असेलच असं नाही. २०१२ मध्ये मायक्रोसॉफ्टकडून 'विंडोज ८ साठी प्रमाणित' असा शिक्का मिळवायला इंटेल-एएमडी संगणकांवर ती देणं सक्तीचं होतं, तर एआरएम प्रोसेसरच्या यंत्रांवर उलट, देण्यालाच मनाई. विंडोज १० पासून निर्णय उत्पादकावर सोडला गेला. पण बूटलोडरमध्ये, म्हणजे विंडोज किंवा लिनक्स सुरू करून देणाऱ्या प्रोग्रॅममध्ये, कुणी काही घुसवू नये हे मलाही हवंच होतं. म्हणून ठरवलं, कुलूप राहू दे, किल्ली आपली लावू.

आधी बिटलॉकरची, म्हणजे विंडोज डिस्कला जे कुलूप घालतं त्याची, ४८ अंकी रिकव्हरी की कागदावर उतरवली. सिक्युअर बूटच्या सेटिंगला हात लावला की विंडोज ती मागू शकतं, आणि माझ्याकडे मागितलीच. मग फर्मवेअरमध्ये मायक्रोसॉफ्टच्या 'थर्ड पार्टी' प्रमाणपत्राला, म्हणजे इतरांच्या सॉफ्टवेअरसाठीच्या सहीला, परवानगी दिली. लिनक्सचा शिम, म्हणजे सगळ्यात आधी चालणारा छोटा प्रोग्रॅम, त्याच प्रमाणपत्राच्या सहीवर चालतो. इन्स्टॉलेशन बिनबोभाट झालं.

अडलं ते वायफायपाशी. ड्रायव्हर स्वतः कंपाइल केलेला, त्यावर कुणाचीच सही नाही, त्यामुळे कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, तो घेईना. मग स्वतःची किल्ली बनवली, ड्रायव्हरवर सही केली आणि 'मोकयुटिल' या साधनाने ती 'मोक' (मशीन ओनर की, मालकाची किल्ली) म्हणून नोंदणीला टाकली. त्याने एक पासवर्ड ठेवायला लावला. रीस्टार्ट केलं आणि चार्जर आणायला उठलो. परत येतो तर लॉगिनचा पडदा! नोंदणीला होकार मागणारा निळा पडदा दहा सेकंद थांबून निघून गेला होता आणि नोंदणीही रद्द. दुसऱ्यांदा खुर्ची सोडली नाही, पण पासवर्ड चुकीचा ठरला. तिथे कीबोर्ड अमेरिकन मांडणीचा असतो, माझा वेगळा, आणि मी पासवर्डात चिन्हं घातलेली. तिसऱ्यांदा नुसते आकडे ठेवले. 'एनरोल मोक', 'कंटिन्यू', 'येस', पासवर्ड, रीबूट. वायफाय लागलं.

त्या भरात फॅक्टरीच्या सगळ्या किल्ल्या पुसून फक्त माझीच ठेवायचा पर्याय उघडला होता. पण काही ग्राफिक्स कार्डांचं फर्मवेअरही त्याच फॅक्टरीच्या किल्लीच्या सहीवर चालतं. ती पुसली तर पडदाच उजळायचा नाही, मग चूक दुरुस्त करायची कुठे बघून? पर्याय बंद केला, आणि आहेत त्या किल्ल्यांची एक प्रत पेनड्राइव्हवर काढून ठेवली.