तुम्ही विचारलंत म्हणून: टीए पॅराच्या भरतीला दोनदा का पळालो

दुकानात जळालेली मोटर घेऊन येणारे, पाहुणे, अगदी मुलीच्या शाळेतले सर पण विचारतात, "काय हो, धंदा बरा चाललाय, दोन पोरं आहेत, मग या वयात टीएच्या, म्हणजे टेरिटोरियल आर्मीच्या भरतीला कशाला पळालात? ते पण दोनदा?" समोर गिऱ्हाईक उभं असतं म्हणून मी दर वेळी "असंच" म्हणून विषय बदलतो. आज नीट सांगतो.

आमचं गाव नाशिक-सिन्नर पट्ट्यातलं. देवळालीला तोपखान्याचं स्कूल आहे, तिकडं फायरिंग चालू झालं की लहानपणी आम्ही पोरं आवाज मोजत बसायचो. फौजेत जायचं तेव्हाच ठरलं होतं, पण वडील अचानक गेले आणि रिवाइंडिंगचं दुकान माझ्या अंगावर आलं, त्यात आर्मी भरतीचं वय कधी निघून गेलं ते कळलंच नाही. मग एका रिटायर्ड सुभेदार काकांनी सांगितलं, अरे टेरिटोरियल आर्मी बघ की, तिथं 42 पर्यंत चालतं!

बऱ्याच जणांना टीए म्हणजे एनसीसीसारखं काहीतरी वाटतं. तसं नाहीये. 1948 च्या कायद्यानं उभी राहिलेली फौज आहे ही, 9 ऑक्टोबर 1949 ला तेव्हाचे गव्हर्नर जनरल राजाजी, म्हणजे सी. राजगोपालाचारी, यांनी उद्घाटन केलं. आपला कामधंदा सांभाळायचा, वर्षाकाठी साधारण दोन महिने ट्रेनिंग करायचं, आणि बोलावलं की वर्दी घालून निघायचं, मग ते काश्मीर असो नाहीतर कुठंही. नोकरीवाल्याला परत आल्यावर कामावर घ्यायला पाहिजे हे पण त्या कायद्यातच लिहिलेलं आहे. मला ही कल्पनाच फार आवडली. हातात पाना पण राहणार आणि रायफल पण.

आणि त्यातही पॅरा, म्हणजे पॅराशूट लावून विमानातून उड्या मारणारे! टीएत त्यांच्या दोन बटालियन, बेंगळुरूची 106 आणि आमच्या देवळालीची 116. धोनी 106 वाला, 2015 मध्ये आग्र्याला जाऊन त्यानं पाच जंप पूर्ण केल्या तेव्हा कुठं त्याच्या छातीवर पॅराविंग्ज, म्हणजे उडी मारणाऱ्यांचा पंखांचा बिल्ला, लागले. मानद लेफ्टनंट कर्नल असून उड्या माराव्याच लागल्या ना. पॅरावाल्यांची ती मरून टोपी तशी कुणाला मिळत नाही, म्हणूनच ती पाहिजे होती.

पहिल्यांदा गेलो तेव्हा 31 वर्षांचा होतो. रात्री अकरालाच लाइनीत बसलो. शेजारी तेलंगणाची पोरं, एक केरळचा, एक जळगावचा ट्रॅक्टरवाला माझ्यापेक्षा सात वर्षांनी मोठा, सगळे रस्त्याच्या कडेला पेपर अंथरून, भाकरी वाटून खात होतो. पहाटे आधी उंची मोजली, 160 सेंटिमीटर लागते, मग रनिंग. 1.6 किलोमीटर. तेव्हा साडेपाच मिनिटांच्या आत आलं तर एक्सलंट, 60 मार्क. 5:45 पर्यंत आलं तर 48. त्यानंतर रस्सी पडायची, म्हणजे मागं राहिलेले बाद. मी शेवटच्या वळणावर होतो तेव्हा ती पडताना बघितली, वीस-पंचवीस पावलं राहिली होती फक्त, आणि त्या रस्सीच्या अलीकडे उभं राहून पलीकडच्या पोरांना पाणी पिताना बघणं काय असतं ते मला अजून सांगता येत नाही.

मग वर्षभर रोज पहाटे साडेचारला कालव्याच्या कडेनं पळालो. उन्हाळ्यात मोटरी जास्त जळतात, रात्री बारापर्यंत दुकान, तरी पळालो. बायकोनं एकदा पण नको म्हणलं नाही, उलट मोबाइलवर टाइम लावून तीच बांधावर उभी राहायची.

दुसऱ्या वेळी एक्सलंट मारला. बीमला लटकून पुलअप्स दहा, म्हणजे पूर्ण 40 मार्क. नऊ फुटी गड्ड्यावरून उडी, झिगझॅग पट्टीवरून तोल सांभाळत चालणं, कागदपत्रं, सगळं क्लिअर. मेडिकलला डॉक्टरांनी डाव्या कानात बघितलं, परत बघितलं. पडद्याला छिद्र. लहानपणी कान फुटायचा, आई तेल कोमट करून घालायची, नंतर दुखायचा थांबला म्हणून विसरलो. अनफिट. चूक कुणाचीच नव्हती, असा कान घेऊन विमानातून उडी मारायची म्हणजे धोकाच. आईला मात्र मी अजून कान सांगितलेला नाही, मार्क कमी पडले एवढंच सांगितलंय.

तर कशाला पळालो? मला ते काम करायचं होतं म्हणून. गावातल्या तोफांचा आवाज ऐकून मनात बसलेली गोष्ट दोन पोरं झाली म्हणून निघून जात नाही हो.

आता पहाटे माझ्याबरोबर गावातली सहा पोरं पळतात, दोघांचा टाइम साडेपाच मिनिटांच्या आत आलाय. त्या सगळ्यांना मी पहिल्याच आठवड्यात कान-नाक-घशाच्या डॉक्टरकडे नेऊन आणलंय. तुमच्या घरात कुणी तयारी करत असेल तर रनिंगच्या आधी तेवढं करून घ्या.