एवढ्याशा पतंगाचं नाव कळून काय होतं?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. नाहीतर "काकू, तो पतंग कुठला ते कळलं म्हणून लिंबं जास्त लागतात का?" यावर मी हल्ली हसून विषय बदलते.

नाही लागत. पण कुणाचं ऐकलं जातं, ते मी आमच्या इंदुरात, रामबागेतल्या घरी पाहिलंय.

परसात सासऱ्यांनी लावलेलं लिंबू होतं. पावसाळी पालवीवर रुपेरी, नागमोडी रेघा उमटल्या, पानं मुडपली. मोठ्या भाऊजींनी माळी आणला. तो म्हणाला, "व्हायरस है, काटना पड़ेगा." मी पान उजेडाला धरलं. रेघेच्या मधोमध बारीक काळी लकीर दिसत होती. ती अळीची विष्ठा. व्हायरस विष्ठा टाकतो का हो? दुमडलेल्या कडेत कोषही होता. भाऊजी म्हणाले, "कॉलेजातलं घरात आणू नकोस." जेवणं व्हायच्या आत झाड आडवं झालं.

पडलेल्या फांद्यांवरची दुमडलेली पानं मी लोणच्याच्या बरणीत घालून वर मलमल बांधली. काही दिवसांनी पतंग निघाला. पंख पसरले तरी जेमतेम 5 मिलिमीटर, चंदेरी, प्रत्येक पुढच्या पंखाच्या टोकाशी काळा ठिपका. फिलोक्निस्टिस सिट्रेला, आपली नागअळी. 1856 मध्ये स्टेंटन या इंग्रज कीटकशास्त्रज्ञाने वर्णन केलं, तेही कलकत्त्याच्या नमुन्यांवरून. भाऊजींनी चष्मा पुसून पाहिलं आणि पेपर उचलला.

पूर्वी मी ठणकावून सांगायचे की ओळख पटली की झाड वाचतं. कुठे वाचलं? खरं तर मला ओळखायला आवडतं, लिंबाचं निमित्त.

तरी ऐका. मादी कोवळ्या पानावरच अंडी घालते. अळी पानाच्या सालीखालीच वाढते, चौथ्या अवस्थेत खाणं सोडून नुसतं रेशीम काढते आणि पानाची कड दुमडून कोषात जाते. उबदार हवेत सगळं दोनेक आठवड्यांत. वरवरचा फवारा आत पोचत नाही, उलट अळीवर जगणाऱ्या चिमुकल्या गांधीलमाश्या मरतात. मोठं झाड हे सोसतं. लहान रोप मात्र खुरटतं, आणि अळीने पोखरलेल्या त्या भुयारांतून खैऱ्या हा लिंबाचा जिवाणूजन्य रोगही शिरतो, म्हणजे भाऊजींची काळजी अगदीच फुकाची नव्हती. त्यांच्यासमोर हे मी म्हणणार नाही.

त्या दिवशी माझ्याऐवजी मोठ्या जाऊबाई "राहू दे झाड" म्हणाल्या असत्या, तर ते राहिलं असतं. त्यांना अळी आणि गोगलगाय यांतला फरक कळत नाही.